खजुराचे जुन्या पद्धतीचे च्युई बार आणि कुकीज: कृती, शंका, वादावादी

पापुद्रा
भाजलेल्या खजूर बारचा धागा इथे सापडला नाही, म्हणून काढतेय. खजूर आणि सुकामेवा मिक्सरमधून फिरवून, थापून, फ्रिजमध्ये घट्ट केलेल्या वड्या म्हणजे हे बार नव्हेत. त्याही चांगल्या लागतात, पण त्या ओव्हनचं तोंड बघत नाहीत. मी म्हणतेय ते जुने बार. वर कागदाइतका पातळ करकरीत पापुद्रा, आत ओलसर, चावायला किंचित चिवट, आणि दाताला चिकटणारे खजुराचे तुकडे. यात लोणी नाही, तेलही नाही.

८ इंची चौकोनी ट्रेसाठी प्रमाण: २ अंडी, १५० ग्रॅम ब्राऊन शुगर, ९० ग्रॅम मैदा, अर्धा चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा मीठ, १७५ ग्रॅम बिया काढलेला खजूर, १०० ग्रॅम अक्रोड, १ चमचा व्हॅनिला. चमचा म्हणजे ५ मिलीचा, डबीतला कुठलाही नव्हे.

ओव्हन १७५ अंशांवर तापत ठेवा. तो तापतोय तोवर अक्रोड त्यातच ८ मिनिटं भाजून घ्या, ही पायरी गाळू नका. खजुराचे साधारण बोटाच्या पेराच्या अर्धे तुकडे करा आणि एक मोठा चमचा मैदा (त्याच ९० ग्रॅममधला) लावून सुटे करा. अंडी, साखर, मीठ, व्हॅनिला हातानेच फेटा. रंग जरासा उजळला आणि वर फेस दिसला की थांबा. मैदा आणि बेकिंग पावडर चाळून मिसळा, खजूर-अक्रोड घाला. मिश्रण बघून वाटेल की यात पीठ कमी आणि खजूरच जास्त आहे. तसंच असायला हवं. बेकिंग पेपर लावलेल्या ट्रेत पसरा, पेपरची दोन टोकं बाहेर राहू द्या म्हणजे नंतर उचलता येतं. २२ ते २५ मिनिटं. कडा ट्रेपासून सुटायला लागल्या आणि मध्य हलवल्यावर डचमळला नाही की बाहेर काढा.

प्रश्न विचारा, जमेल तशी उत्तरं देते.

गोडमिट्ट
वा! हेच शोधत होते. एक शंका, मी अशा कृतीने बार केले की ते केकसारखे फुगतात. चव छान, पण चिवटपणा शून्य. कुठे अडतंय?

पापुद्रा
गोडमिट्ट, अंडी बीटरने फेटतेस का? आणि मैदा कपाने मोजतेस?

गोडमिट्ट
दोन्ही हो. :)

ओव्हनवाला
मग उत्तर मिळालंच. बीटरने अंडी-साखर पाच-सात मिनिटं फेटली की त्यात इतकी हवा भरते की तो स्पंज केकचा पाया होतो. वरचा पापुद्रा जाडजूड होऊन खालच्या भागापासून सुटतो तेही त्यामुळेच. आणि कप पिठात बुडवून भरला तर १२५ ग्रॅमच्या जागी १५० सहज बसतो. या कृतीत मुळात पीठ एवढंसं, त्यात वीस ग्रॅम वाढलं तरी पोत पार बदलतो. वजनकाटा घ्या, बाकी सगळं नंतर.

आता कुकीजचं. त्यात लोणी असतं, त्यामुळे तिथे चिवटपणा कसा येतो ते वेगळं गणित आहे. लोणी साखरेबरोबर फेसलं की हवा अडकते, कुकी जाड आणि भुसभुशीत होते. लोणी वितळवून घातलं तर हवा नाहीच, शिवाय लोण्यातलं पाणी (१६ ते १८ टक्के असतं) थेट मैद्याला मिळतं आणि थोडं ग्लुटेन तयार होतं. चावायला जे लागतं ते हेच. त्यात ब्राऊन शुगर. तिच्यातली मळी हवेतला ओलावा धरून ठेवते, म्हणून कुकी दुसऱ्या दिवशीही मऊ. नुसती पांढरी साखर घातली तर कुकी पसरते आणि कडक होते.

माझं प्रमाण: ११५ ग्रॅम लोणी वितळवून कोमट केलेलं, १५० ग्रॅम ब्राऊन शुगर, १ अंडं आणि वर १ पिवळा बलक, १६५ ग्रॅम मैदा, अर्धा चमचा सोडा, पाव चमचा मीठ, १५० ग्रॅम खजुराचे तुकडे, ७५ ग्रॅम अक्रोड. पीठ झाकून किमान तासभर फ्रिजमध्ये. मग मोठ्या लिंबाएवढे गोळे, १७५ अंशांवर १० ते १२ मिनिटं. मध्य कच्चा वाटतानाच काढायच्या. तापलेल्या ट्रेवर पाच मिनिटं पडून राहिल्या की आपोआप बसतात.

निगुतीने
जादाचा पांढरा भाग का नाही आणि बलकच का? मला उलट वाटलं असतं, पांढऱ्याने चिकटपणा येईल.

ओव्हनवाला
पांढरा भाग म्हणजे जवळपास ९० टक्के पाणी आणि उरलेलं बहुतेक प्रथिन. भाजताना तो कोरडा होतो आणि कुकी फुगवतो. बलकात स्निग्धांश असतो, शिवाय लेसिथिनमुळे पाणी आणि लोणी एकमेकांना धरून राहतात. म्हणून मऊ-चिवट.

हलकं_फुलकं
सगळं ठीक, पण खजूर असताना १५० ग्रॅम साखर?? खजूर वाटून पेस्ट करून साखर पूर्ण काढून टाकता येते. मी तसेच करते, घरात कोणाला कळतही नाही. साखरेशिवाय खजूर बार, अपराधी वाटायचं कारणच नाही.

पापुद्रा
हलकं_फुलकं, तुझे बार चांगले होत असतील यात शंका नाही, पण कळत नाही हे मी मानणार नाही. :) पेस्ट घातली की खजुराचे तुकडे संपले, पापुद्रा संपला, आणि उरतो तो मऊ एकजीव केक. हा पदार्थ तुकड्यांवर उभा आहे.

ओव्हनवाला
आणि "साखरेशिवाय" हे जरा जपून म्हणा. खजुराच्या वजनाचा दोनतृतीयांश भाग साखरच असते. वरच्या कृतीतल्या १७५ ग्रॅम खजुरात सुमारे ११० ग्रॅम साखर आधीच आहे. तिच्याबरोबर तंतू येतात, पोटॅशियम येतं, ते चांगलंच. पण पेस्ट वापरून साखर वाचत नाही, फक्त पिशवी बदलते.

पोताचं म्हणाल तर, अंड्यात विरघळलेली साखर भाजताना वर येऊन सुकते, तोच तो पापुद्रा. खजुराच्या आतली साखर खजुरातच अडकलेली असते, ती पापुद्र्याच्या कामाची नाही. १५० ची १२० ग्रॅम केलीत तर चालेल. त्याखाली गेलात की पापुद्रा जातो आणि मग ब्रेडसारखं काहीतरी निघतं.

हलकं_फुलकं
बरं बरं, पिशवी बदलते हे मान्य. १२० वर करून बघते. पण पेस्टवाल्या केकची कृती मी वेगळा धागा काढून देणारच.

पापुद्रा
जरूर काढ. पहिला प्रतिसाद माझा.

चाळणी
खजूर कोणता घ्यायचा? मऊ मेदजूल महाग आणि चिकट, कडक जातीचे दाताला लागतात.

निगुतीने
बारसाठी मी मेदजूल घेत नाही. तो इतका मऊ असतो की ओव्हनमध्ये विरघळून मिश्रणातच जिरतो. डेगलेट नूरसारखा सुकट, लांबट, जरा घट्ट खजूर घे. तुकडे तुकड्यांसारखे राहतात. सारण शिजवायचं असेल तिथे मेदजूल राजा.

एक गोष्ट मात्र दोन्हींना लागू: बिया काढलेला पाकिटातला खजूरसुद्धा एकेक उघडून बघायचा. बोटांनी उभा फाडला की आत बी राहिली असेल तर दिसते, बीचं टोक तुटून राहिलं असेल तर बोटाला टोचतं. अक्रोडाच्या टरफलाचंही तेच. माझ्या एका पाहुण्याचा दात थोडक्यात वाचला होता, तेव्हापासून मी चष्मा लावून बसते.

ओव्हनवाला
निगुतीने यांच्याशी सहमत. दोन्हींत फरक पडायला कारण आहे. मेदजूलमधली साखर बहुतांश ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, डेगलेट नूरमध्ये सुक्रोज, म्हणजे आपली नेहमीची साखर, बऱ्यापैकी असते. ग्लुकोज-फ्रुक्टोज ओलावा जास्त धरतात आणि लवकर तांबूस होतात. म्हणून मेदजूल घातलेल्या कुकीजच्या कडा लवकर काळपट पडतात. तोच वापरायचा असेल तर एक-दोन मिनिटं आधी काढा.

जाता जाता: अमेरिकेतल्या मेदजूलच्या बागांची सुरुवात १९२७ साली मोरोक्कोहून नेलेल्या ११ फुटव्यांपासून झाली. तिकडे रोगाने खजुराची झाडं मरत होती, म्हणून वॉल्टर स्विंगल या वनस्पतिशास्त्रज्ञाने ते नेले. त्यातले ९ जगले.

चाळणी
११ फुटव्यांवर एवढा पसारा! धन्यवाद दोघांनाही. जुन्या खजुरावर पांढरे ठिपके आलेत, बुरशी की काय?

निगुतीने
कोमट पाण्याचं बोट लावून बघ. विरघळले तर साखरेचे खडे, खुशाल वापर. केसाळ दिसत असेल किंवा आंबूस वास येत असेल तर फेकून दे, विचारही करू नकोस.

गोडमिट्ट
खजूर कडक असेल तर सोडा घातलेल्या उकळत्या पाण्यात भिजवायचा असं खूप ठिकाणी वाचलंय. बारसाठी तसं करू का?

पापुद्रा
नको गं. ते पुडिंगसाठी आणि खजुराच्या केकसाठी. सोड्याने खजुराची साल आणि आतलं पेक्टिन सैल पडतं, मग तो लगदा होतो आणि रंगही गडद होतो. पुडिंगमध्ये तेच हवं असतं. बारमध्ये त्याने तुकडे जातात, शिवाय जादाचं पाणी आलं की परत केक. खूपच कडक असेल तर चाळणीत ठेवून पाच मिनिटं वाफव, फडक्यावर कोरडा कर, मग चिर.

चिरायला सुरी नको, कात्री घे. पात्याला तेलाचं बोट फिरव किंवा कात्री अधूनमधून गरम पाण्यात बुडव. खजूर आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवला तर आणखी सोपं. आणि हो, तयार चिरलेला खजूर मिळतो त्यावर बहुतेक वेळा ओटचं किंवा तांदळाचं पीठ लावलेलं असतं. तो भाजल्यावरही कोरडाच लागतो. मला तो अजिबात आवडत नाही.

मधली_आळी
आमच्याकडे अंडं चालत नाही. या बारमध्ये दही किंवा अळशी घालून होईल का?

पापुद्रा
मधली_आळी, खरं सांगायचं तर हे बार नाही होणार. यात अंड्याशिवाय बांधून धरणारं काहीच नाही, आणि पापुद्राही अंड्याच्याच जोरावर. दह्याने ओलसर केक होईल, अळशीने चिकट लगदा. त्यापेक्षा मुळातच बिनअंड्याचे असतात ते ओट्सवाले खजुराचे चौकोन कर. तेही तितकेच जुने आहेत, आणि कुठल्याच अर्थाने दुय्यम नाहीत.

निगुतीने
त्याची कृती मी देते, कारण मला हेच जास्त आवडतात. :D

आधी सारण. ३०० ग्रॅम खजूर, १८० मिली पाणी, १ मोठा चमचा लिंबाचा रस. मंद आचेवर ढवळत सात-आठ मिनिटं. चमचा भांड्याच्या तळाशी ओढला की मागे वाट दिसली पाहिजे आणि ती क्षणभर तशीच राहिली पाहिजे. गार करायला ठेवा. गरम सारण घातलं तर खालचा थर ओला राहतो.

मग १५० ग्रॅम ओट्स (झटपट शिजणारे नकोत, सपाट मोठे घ्या), १२५ ग्रॅम मैदा, १२० ग्रॅम ब्राऊन शुगर, अर्धा चमचा सोडा, पाव चमचा मीठ. त्यात १५० ग्रॅम वितळवलेलं लोणी घालून बोटांनी कालवा, मुठीत दाबलं की गोळा व्हावा आणि सोडलं की सुटावा. यातलं निम्म्याहून थोडं जास्त ८ इंची ट्रेत दाबून बसवा, वाटीच्या बुडाने नीट दाबा. त्यावर सारण कडेपर्यंत. वर उरलेलं भुरभुरा, ते मात्र दाबू नका. १७५ अंशांवर ३० ते ३५ मिनिटं, वरून सोनेरी होईपर्यंत.

आणि पूर्ण गार होईपर्यंत सुरी लावायची नाही. पूर्ण म्हणजे पूर्ण. कोमट असताना कापलेत तर वाटीत घेऊन चमच्याने खायची वेळ येते (जे वाईट नाही, पण मग चौकोन म्हणू नका).

मधली_आळी
मस्त! उद्याच करते. मैद्याऐवजी कणीक चालेल?

निगुतीने
या कृतीत बिनधास्त, ओट्सबरोबर छान लागते. लोणी एखादा चमचा जास्त लागेल, कणीक जास्त शोषते. अंड्याच्या बारमध्ये मात्र निम्मीच कणीक घ्या, नाहीतर कोंडा दातात येतो.

काळजीवाहू
अक्रोडाची ॲलर्जी असलेलं मूल आहे घरात. सूर्यफुलाच्या बिया घालून ओव्हनवाल्यांच्या कुकीज केल्या. चव एकदम झकास. पण दुसऱ्या दिवशी आतून हिरव्या!! अक्षरशः हिरव्या. फेकून दिल्या. बिया खराब होत्या का?

ओव्हनवाला
अरेरे, फेकायला नको होत्या. बिया खराब नव्हत्या. सूर्यफुलाच्या बियांत क्लोरोजेनिक आम्ल असतं, ते सोड्यासारख्या अल्कलीबरोबर आलं की हिरवा रंग धरतो. खायला पूर्ण निर्धोक, फक्त दिसायला विचित्र. पुढच्या वेळी सोडा निम्मा करा आणि पिठात एक चमचा लिंबाचा रस घाला, किंवा सरळ भोपळ्याच्या बिया घ्या. त्या आधीच हिरव्या, कोणी विचारत नाही.

काळजीवाहू
=)) भोपळ्याच्याच घेतो. मुलाला मात्र हिरव्या कुकीज फेकल्याचं सांगणार नाही, त्याला हव्याच झाल्या असत्या.

चाळणी
केले! बार केले. पापुद्रा आला, सुरी लावताना करकर वाजला. पण दातकोरणी घालून बघितली तर प्रत्येक वेळी चिकटच येत होती, म्हणून ३२ मिनिटं ठेवले. कडा दगड झाल्यात, मधला भाग अप्रतिम.

पापुद्रा
अभिनंदन! दातकोरणी खजुरात गेली की ती चिकटच येणार, तासभर भाजलं तरी. दोन-तीन ठिकाणी टोचून बघायचं, आणि कोरडी नाही तर ओलसर कण चिकटलेली हवी. पातळ ओघळ दिसला तरच पुन्हा आत. ट्रे कोणता होता? काचेचा?

चाळणी
हो, काचेचा. आणि ९ इंची.

ओव्हनवाला
काच हळू तापते आणि तापली की उष्णता सोडत नाही, ओव्हनबाहेर काढल्यावरही कडा भाजतच राहतात. काचेत १६० अंश ठेवा आणि झाले की पेपरसकट लगेच उचलून जाळीवर घ्या. ९ इंची म्हणजे ८१ चौरस इंच, ८ इंची म्हणजे ६४. थर पातळ झाला, म्हणजे खरं तर वेळ कमी व्हायला हवा होता. त्या ट्रेसाठी सगळं सव्वापट करा. ९ गुणिले १३ चा मोठा ट्रे असेल तर सरळ दुप्पट.

शिवाय ओव्हनची तबकडी जे सांगते त्यावर डोळे मिटून विश्वास नको. आत ठेवायचा छोटा थर्मामीटर मिळतो, तो आणा. १०-१५ अंशांचा फरक अगदी नेहमीचा, आणि अशा बारमध्ये तेवढ्यात च्युईचं कडक होतं.

कडक कडा फेकू नका. हवाबंद डब्यात ब्रेडच्या एका स्लाइसबरोबर रात्रभर ठेवा, बऱ्याच नरम पडतील.

गोडमिट्ट
जुन्या पद्धतीत वर पिठीसाखर असते ना? मी लावली ती तासाभरात गायब!

पापुद्रा
गरम असताना लावली की विरघळणारच. पण जुनी रीत तीच आहे, फक्त दोनदा करायचं. बार कोमट असताना कापून पिठीसाखरेत घोळवायचे. ती विरघळून वर चकचकीत चिकट थर होतो. पूर्ण गार झाले की परत घोळवायचे, ही दुसरी साखर टिकते. मला एकदाच पुरते, पाहुणे असतील तर दोनदा.

मधली_आळी
ओट्सवाले चौकोन झाले. सारणात लिंबाबरोबर किसलेली संत्र्याची साल घातली, फारच छान लागली. सासूबाईंनी मात्र दम धरला नाही, कोमट असतानाच कापले. वाटीत घेऊन चमच्याने खाल्ले. निगुतीने, तुमचा शब्द मोडला. :)

निगुतीने
सासूबाईंना माफ. संत्र्याची साल मीही घालून बघते. उरलेले फ्रिजमध्ये ठेव, उद्या स्वच्छ कापले जातील.

काळजीवाहू
फ्रीझ होतात का हे? दर वेळी ताजं करायला सवड नसते.

पापुद्रा
बार आणि चौकोन, दोन्ही उत्तम. मधे बेकिंग पेपर घालून हवाबंद डब्यात, दोन-तीन महिने आरामात. पिठीसाखर मात्र काढल्यावर लावायची. कुकीजचे कच्चेच गोळे फ्रीझ करा, ट्रेवर सुटे ठेवून घट्ट झाले की पिशवीत भरा. काढून तसेच ओव्हनमध्ये, दोन मिनिटं जास्त. आणि मऊ कुकीज कडक बिस्किटांच्या डब्यात ठेवू नका, बिस्किटं ओलावा ओढून घेतात आणि दोन्ही वाया जातात.